मुंबई ते न्यूयॉर्क: हवाई अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ स्वतः कसा काढावा

मुंबई ते न्यूयॉर्क अंतर किती, असे इंटरनेटवर शोधले की साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपासचा आकडा लगेच मिळतो. मात्र प्रवासाला वेळ किती लागतो असे विचारले, तर एके ठिकाणी चौदा तास, दुसरीकडे सोळा आणि तिसरीकडे बावीस तास असे उत्तर येते. यांपैकी कोणतेच उत्तर सहसा खोटे नसते. एक जण फक्त हवेतला वेळ सांगतो, दुसरा वेळापत्रकातला, आणि तिसरा मधल्या विमानतळावरचा मुक्काम धरून. मुलाकडे किंवा लेकीकडे पहिल्यांदाच अमेरिकेला निघालेल्या आईवडिलांसाठी आणि त्यांची तिकिटे काढणाऱ्यांसाठी या तीन उत्तरांतला फरक महत्त्वाचा असतो, कारण सोबतीची सोय, औषधांच्या वेळा आणि घ्यायला येणाऱ्याची रजा हे सगळे त्यावर ठरते. म्हणून हे आकडे कसे तयार होतात आणि साध्या मोबाइलवर ते स्वतः कसे काढता येतात, हे मुंबई–न्यूयॉर्क हेच उदाहरण घेऊन पाहू. हीच रीत जगातल्या कोणत्याही दोन विमानतळांना लागू पडते.

आधी विमानतळ नक्की करा

अंतर शहरांमधले नसते, विमानतळांमधले असते. आणि आता बऱ्याच शहरांना एकाहून अधिक विमानतळ आहेत. न्यूयॉर्कला जाणारा आंतरराष्ट्रीय प्रवासी जेएफके विमानतळावर उतरतो किंवा नदीपलीकडे न्यू जर्सी राज्यातल्या न्यूअर्कला. नकाशावर ही दोन्ही ठिकाणे जवळ दिसतात आणि साडेबारा हजार किलोमीटरच्या हिशेबात त्यांच्यातल्या फरकाला काही किंमत नाही, पण न्यू जर्सीतल्या एडिसन गावात राहणाऱ्या कुटुंबासाठी न्यूअर्क हाताशी असते, तर जेएफकेहून घरी येताना शहराची सगळी वर्दळ ओलांडावी लागते. आपल्याकडेही आता तीच परिस्थिती आहे. मुंबईचा सहार येथील छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ आणि डिसेंबर २०२५ पासून प्रवासी वाहतूक सुरू झालेला नवी मुंबईचा विमानतळ हे वेगळे आहेत; गोव्यात दाबोळी आणि मोपा वेगळे आहेत. तिकिटावर शहराच्या नावाशेजारी तीन अक्षरी संकेत छापलेला असतो. मुंबईसाठी तो बीओएम, दाबोळीसाठी जीओआय आणि मोपासाठी जीओएक्स असा आहे. दोन विमाने जोडून प्रवास करायचा असेल, तर पहिले ज्या विमानतळावर उतरते तिथूनच दुसरे सुटते ना, हे या संकेतावरून ताडून पाहावे.

गोलावरचे अंतर

भिंतीवरच्या सपाट नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क यांना पट्टीने जोडले, तर रेषा अरबस्तान, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया, मोरोक्को अशी जात अटलांटिक ओलांडते. या रेषेवरून खरोखर उडायचे म्हटले, तर सुमारे १४,२०० किलोमीटर पडतील. घरातल्या मुलांचा पृथ्वीगोल घेऊन त्याच दोन ठिकाणांवर दोरा ताणून धरला, की दोरा आपोआप वर उत्तरेकडे सरकतो आणि रशिया, नॉर्वे, आइसलँड यांच्यावरून जातो. हीच गोलावरची सर्वांत जवळची वाट, आणि ती सपाट नकाशावरच्या रेषेपेक्षा जवळजवळ १,७०० किलोमीटरने कमी आहे. विमानातल्या पडद्यावर मार्ग कमानीसारखा वाकलेला दिसतो तो यामुळेच.

आता हे अंतर मोजू. त्यासाठी दोन्ही विमानतळांचे अक्षांश आणि रेखांश दशांश स्वरूपात हवेत. मोबाइलच्या नकाशात विमानतळावर बोट दाबून धरले की ते मिळतात. मुंबई आहे १९.०९ अंश उत्तर आणि ७२.८७ अंश पूर्व. जेएफके आहे ४०.६४ अंश उत्तर आणि ७३.७८ अंश पश्चिम. एक ठिकाण पूर्वेला आणि दुसरे पश्चिमेला असल्याने रेखांशांची बेरीज करायची, ती १४६.६५ अंश येते. दोन्ही एकाच बाजूला असती, तर वजाबाकी केली असती.

पुढचे काम शाळेतल्या त्रिकोणमितीचे आहे. मोबाइलवरचे गणकयंत्र उघडून फोन आडवा धरला की बऱ्याच फोनमध्ये साइन आणि कोसाइनची बटणे दिसू लागतात. आकडा टाकण्याआधी गणकयंत्र अंशांवर आहे की रेडियनवर (हे कोन मोजण्याचे दुसरे एकक), हे जरूर पाहावे. ते रेडियनवर राहिले तर उत्तर निरर्थक येते, आणि ते निरर्थक आहे हे दर वेळी लक्षात येतेच असे नाही.

दोन्ही अक्षांशांचे साइन काढून त्यांचा गुणाकार करा: ०.३२७१ गुणिले ०.६५१३, म्हणजे ०.२१३०. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचे कोसाइन या तिघांचा गुणाकार करा: ०.९४५०, ०.७५८८ आणि उणे ०.८३५३, यांचे उत्तर उणे ०.५९९०. दोन्ही उत्तरांची बेरीज उणे ०.३८६० होते. आता उलटे कोसाइन घ्या, म्हणजे कोणत्या कोनाचे कोसाइन उणे ०.३८६० आहे ते गणकयंत्राला विचारा. उत्तर येते ११२.७ अंश. हे पृथ्वीच्या मध्यापासून पाहिलेले दोन विमानतळांमधले कोनात्मक अंतर झाले. पृथ्वीचा सरासरी परीघ ४०,०३० किलोमीटर आणि वर्तुळाचे अंश ३६०, म्हणून एका अंशाला १११.२ किलोमीटर पडतात. ११२.७ गुणिले १११.२ म्हणजे १२,५३२ किलोमीटर.

पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी असल्यामुळे काटेकोर सूत्र वापरणारी संकेतस्थळे यापेक्षा दहावीस किलोमीटर जास्त दाखवतात. प्रवाशाच्या दृष्टीने त्या फरकाला महत्त्व नाही. एककांच्या बाबतीत मात्र गोंधळ होतो. वैमानिक नॉटिकल मैलांत बोलतात. एका अंशाला ६० या हिशेबाने तेच अंतर ६,७६२ नॉटिकल मैल होते. कंपन्यांच्या जाहिरातीत आणि प्रवासाच्या गुणांच्या योजनांत साधे मैल असतात, म्हणजे सुमारे ७,७८७. आकडा सहा हजारांच्या घरात दिसला म्हणून मार्ग जवळचा झाला असे समजू नये.

एक शंका इथे बरेच जण काढतात. सॅन फ्रान्सिस्कोसारखे ठिकाण घेतले तर रेखांशांची बेरीज १८० अंशांच्या पुढे जाते. तेव्हा ती ३६० मधून वजा करायची का? केली तरी चालते आणि नाही केली तरी चालते, कारण दोन्ही कोनांचे कोसाइन एकच येते.

ती रेषा कोणाच्या डोक्यावरून जाते

गणिताने दिलेली वाट आणि विमानाची वाट यांत राजकारण आडवे येते. मुंबईहून न्यूयॉर्कची सर्वांत जवळची रेषा सौराष्ट्र आणि कच्छवरून निघते, पाकिस्तानच्या सिंध प्रांतात लारकानाच्या आसपास पोहोचते, मग अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, पश्चिम कझाकस्तान असे करत मॉस्कोजवळून जाते. पुढे फिनलंड, स्वीडन, नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलँडचे दक्षिण टोक आणि कॅनडाचा लॅब्राडोर किनारा. आजच्या परिस्थितीत या वाटेचे पहिले काही तुकडेच अडचणीचे आहेत.

एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली आणि भारतानेही पाकिस्तानी विमानांना बंदी घातली. त्याआधी २०१९ मध्ये बालाकोटनंतर फेब्रुवारी ते जुलै असे काही महिने हेच घडले होते. दुसरीकडे २०२२ पासून रशियाची हद्द अमेरिकी आणि बहुतेक युरोपीय कंपन्यांना बंद आहे, भारतीय कंपन्यांना नाही. पश्चिम आशियात तणाव वाढला की इराण आणि इराकवरचे मार्गही काही तासांसाठी किंवा दिवसांसाठी बंद होतात. म्हणजे एकाच दिवशी, एकाच दोन शहरांमध्ये, वेगवेगळ्या देशांच्या कंपन्यांची विमाने वेगवेगळ्या वाटांनी जातात. अंतर सांगणारी संकेतस्थळे यातले काही धरत नाहीत.

वळशाने किती फरक पडतो, हे वरच्याच सूत्राने काढता येते. फक्त मार्गाचे तुकडे पाडायचे. समजा, विमान मुंबईहून अरबी समुद्र ओलांडून मस्कतकडे, तिथून इस्तंबूलकडे आणि तिथून न्यूयॉर्ककडे गेले. मुंबई–मस्कत १,५९०, मस्कत–इस्तंबूल ३,३७२ आणि इस्तंबूल–न्यूयॉर्क ८,०२८ किलोमीटर, एकूण १२,९९०. सर्वांत जवळच्या रेषेपेक्षा हे साडेचारशे किलोमीटर जास्त आहे, म्हणजे चार टक्क्यांहूनही कमी. वेळेत मोजले तर अर्धा तास. बातम्यांतून हद्दबंदीचे जे चित्र उभे राहते, त्या मानाने मुंबईकरांचा हा तोटा फारच थोडा आहे, आणि त्याचे कारण भूगोल आहे. मुंबईपासून समुद्र लागून असल्याने पाकिस्तानला दक्षिणेकडून बगल देणे सोपे पडते. दिल्लीचे तसे नाही. तिथून निघालेल्या विमानाला आधी दक्षिणेकडे गुजरातवर यावे लागते आणि मग पश्चिमेला वळावे लागते. त्यामुळेच २०२५ मध्ये दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणारी काही विमाने व्हिएन्नासारख्या ठिकाणी इंधनासाठी उतरू लागली. नागपूर किंवा पुण्याहून दिल्लीमार्गे अमेरिकेला जाणाऱ्यांनी तिकीट काढताना हे ध्यानात ठेवावे.

प्रत्यक्ष वाट पाहायची असेल, तर फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर यांसारख्या सेवांवर विमानाचा क्रमांक टाकून गेल्या काही दिवसांतल्या उड्डाणांचा मार्ग पाहता येतो. एकच दिवस पाहून ठरवू नये. तीनचार दिवसांचे मार्ग शेजारी ठेवले की वाट रोज थोडी थोडी सरकते हे दिसते. ती का सरकते, हे पुढच्या भागात आहे.

वेग आणि वारा

लांब पल्ल्याची विमाने ध्वनीच्या वेगाच्या एका ठरावीक हिश्श्याने उडतात. बोइंग ७७७ साधारण ०.८४ माखने, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ०.८४ पटीने, तर ७८७ आणि एअरबस ए३५० साधारण ०.८५ माखने. अकरा-बारा किलोमीटर उंचीवर तापमान उणे ५६ अंशांच्या आसपास असते आणि तिथे ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर असतो. म्हणून विमानाचा हवेतला वेग ताशी ८९० ते ९०० किलोमीटर धरायला हरकत नाही. एअरबस ए३२० सारखी देशांतर्गत विमाने जरा हळू, ०.७८ माखच्या आसपास.

पण हा वेग हवेच्या तुलनेत आहे, जमिनीच्या नाही. त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात, ज्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो आणि त्यांच्या गाभ्यात वाऱ्याचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढे सहज जातो. अमेरिकेला जाताना हा वारा समोरून येतो, परतताना पाठीशी असतो. विमान कंपन्यांचे नियोजक रोजचा वाऱ्याचा अंदाज घेऊन मार्ग आखतात: जाताना वारा चुकवायचा, येताना तो पकडायचा. त्यासाठी काही शे किलोमीटर जास्त उडावे लागले तरी ते फायद्याचे ठरते.

याचे ठळक उदाहरण दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को मार्गाचे आहे. एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६ मध्ये हे विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले. अटलांटिकची वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची होती आणि पॅसिफिकची सुमारे १५,३०० ची, तरी नव्या वाटेने विमान साडेचौदा तासांत पोहोचले. भागाकार करून पाहा: जमिनीवरचा सरासरी वेग ताशी १,०५० किलोमीटरच्या वर जातो. तो विमानाच्या स्वतःच्या वेगापेक्षा दीडशेने जास्त आहे आणि ती सगळी देणगी पाठीवरच्या वाऱ्याची. चौदाशे किलोमीटर अंतर वाढले आणि वेळ घटला. अंतरावरून वेळ ठरवण्याची सवय मोडण्यासाठी यापेक्षा चांगला दाखला मला तरी माहीत नाही.

आता मुंबई–न्यूयॉर्कचा हिशेब. प्रत्यक्ष उड्डाणाचे अंतर १३,००० किलोमीटर धरू. जाताना सरासरी ६० किलोमीटरचा समोरचा वारा धरला, तर जमिनीवरचा वेग ८४० होतो आणि वेळ साडेपंधरा तास येतो. येताना सरासरी ५० किलोमीटरचा पाठीवरचा वारा धरला, तर वेग ९५० आणि वेळ तेरा तास चाळीस मिनिटे. यात धावपट्टीपर्यंत जाणे, तिथे रांगेत थांबणे, वर चढताना आणि उतरताना कमी वेगाने जाणे आणि उतरल्यावर गेटपर्यंत पोहोचणे यांसाठी सुमारे पस्तीस मिनिटे मिळवायची. म्हणजे जाताना सोळा तास आणि येताना सव्वाचौदा तास. वाऱ्याचे हे आकडे सरासरीचे म्हणून धरले आहेत. जानेवारीत जाण्याचा वेळ याहून वाढतो आणि जुलैत काहीसा कमी होतो.

हीच पस्तीस मिनिटे छोट्या मार्गावर किती मोठी होतात, हे पाहण्यासारखे आहे. मुंबई–नागपूर हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर आहे. निव्वळ भागाकार केला तर पाऊण तास येतो, पण वेळापत्रकात दीड तास किंवा थोडा अधिक वेळ दिलेला असतो. म्हणून नागपूरच्या विमानावरून ताशी वेग काढून तो न्यूयॉर्कला लावला, तर उत्तर भलतेच फुगते.

वेळापत्रकात छापलेला वेळ, ज्याला ब्लॉक टाइम म्हणतात, तो विमान गेटवरून मागे ढकलले जाते तिथपासून मुक्कामाच्या गेटवर थांबेपर्यंतचा असतो. कंपन्या त्यात थोडी राखीव मिनिटेही घालतात, कारण उशीर मोजला जातो तो गेटवर पोहोचण्याच्या वेळेवरून. पस्तीस मिनिटे उशिरा सुटलेले विमान वेळेवर पोहोचते तेव्हा वैमानिकाने वेग वाढवला असे आपण समजतो. बहुधा ही राखीव मिनिटे आणि वारा यांनीच ते काम केलेले असते.

तिकिटावरची दोन घड्याळे

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची स्थानिक वेळ असते. यात अपवाद नाही. म्हणून सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ यांची सरळ वजाबाकी करून प्रवासाचा वेळ मिळत नाही. सर्वांत बिनचूक पद्धत म्हणजे दोन्ही वेळा जागतिक प्रमाणवेळेत आणणे.

भारत जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे, वर्षभर. न्यूयॉर्क हिवाळ्यात पाच तास मागे असते आणि उन्हाळ्यात चार तास. तिथली घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे करतात. म्हणून आपल्यातला आणि त्यांच्यातला फरक उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास असतो.

समजा, उन्हाळ्यातल्या तिकिटावर मुंबईहून बुधवारी पहाटे १:४५ ला निघून त्याच दिवशी सकाळी ८:०० ला न्यूयॉर्कला पोहोचायचे आहे. दिसायला सव्वासहा तास. मुंबईची १:४५ मधून साडेपाच तास वजा केले की जागतिक वेळ मंगळवार रात्री ८:१५ येते. न्यूयॉर्कच्या सकाळी ८:०० मध्ये चार तास मिळवले की बुधवार दुपारी १२:०० येते. मधला वेळ पंधरा तास पंचेचाळीस मिनिटे. परतीच्या तिकिटावर सकाळी ११:३० ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी ११:३० ला मुंबईत, असे असेल तर घड्याळात चोवीस तास दिसतात. त्यातून साडेनऊ वजा केले की साडेचौदा तास उरतात. तोंडी हिशेब करणाऱ्यांसाठी नियम सोपा आहे: जाताना घड्याळाच्या वजाबाकीत साडेनऊ मिळवा, येताना साडेनऊ वजा करा, हिवाळ्यात साडेनऊऐवजी साडेदहा धरा हे विसरू नका.

मार्च आणि नोव्हेंबरमधले काही आठवडे विशेष जपण्याचे. विमान कंपन्यांचे उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सुरू होते, तर अमेरिकेची घड्याळे वेगळ्या तारखांना बदलतात. त्यात युरोपात थांबून जायचे असेल, तर तिथली घड्याळे मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. तिकीट जानेवारीत काढले आणि प्रवास मार्चअखेरीस आहे, अशा वेळी निघण्याच्या आठवडाभर आधी वेळा पुन्हा पाहाव्यात.

याहून महाग पडणारी चूक तारखेची असते. बुधवारी पहाटे १:४५ चे विमान म्हणजे मंगळवारी रात्री विमानतळावर हजर व्हायचे. मुंबईहून पश्चिमेकडे जाणारी पुष्कळशी विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात, आणि “बुधवारचे विमान आहे, बुधवारी रात्री निघू” असे म्हणणाऱ्यांचे विमान त्याआधीच निघून गेलेले असते. घरच्या कालनिर्णयावर बुधवारच्या चौकटीत खूण करण्याऐवजी मंगळवारच्या चौकटीत “रात्री साडेनऊ, विमानतळ” असे लिहून ठेवणे चांगले.

मध्ये थांबून गेले तर

थेट विमान दर वेळी मिळतेच असे नाही. एअर इंडियाने मुंबई–न्यूयॉर्क थेट सेवा २००७ मध्ये सुरू केली, मध्ये ती खंडित झाली, २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. थेट मार्गांचे असे चालूच असते. शिवाय भाड्यातला फरक मोठा असतो. मग दुबई, दोहा, अबू धाबी, इस्तंबूल, लंडन, फ्रँकफर्ट हे पर्याय समोर येतात.

अंतराच्या दृष्टीने हे पर्याय जवळजवळ सारखेच आहेत. मुंबई–लंडन ७,२१३ आणि लंडन–न्यूयॉर्क ५,५४१ मिळून १२,७५४ किलोमीटर होतात. मुंबई–दुबई १,९२५ आणि दुबई–न्यूयॉर्क ११,००२ मिळून १२,९२७. थेट रेषेपेक्षा लंडनमार्गे सव्वादोनशे आणि दुबईमार्गे चारशे किलोमीटर जास्त, बस्स. तरीही प्रवास एकोणीस, बावीस, कधी तीस तासांचा होतो, तो मधल्या थांब्यामुळे आणि एकदा जास्त उतरण्या-चढण्यामुळे. म्हणून पर्यायांची तुलना करताना किलोमीटर पाहू नयेत. थांब्याचे तास पाहावेत आणि ते कोणत्या वेळी येतात तेही पाहावे. रात्री दोन ते सकाळी आठ असा दुबईचा थांबा सत्तरीतल्या माणसाला जड जातो, तर लंडनला दुपारचे तीन तास चटकन निघून जातात. दुसऱ्या बाजूने, ज्यांना सोळा तास एका जागी बसवत नाही त्यांच्यासाठी साडेनऊ तास आणि मग आठ तास अशी लंडनमार्गे विभागणी सुखाची असते. दुबईमार्गे मात्र पहिला टप्पा तीन तासांचा आणि दुसरा चौदा तासांचा असतो, त्यामुळे तो हेतू साधत नाही.

थांब्याचा वेळ फार कमीही नको. एकाच तिकिटावर दोन्ही विमाने असतील, तर पहिले उशिरा पोहोचल्यास पुढची सोय कंपनी करते. दोन वेगळी तिकिटे काढली असतील, तर ती जबाबदारी आपली. अमेरिकेत पुढे आणखी एक विमान असेल, उदाहरणार्थ न्यूयॉर्कहून डॅलसला, तर पहिल्याच अमेरिकी विमानतळावर इमिग्रेशन होते, सामान पट्ट्यावरून उचलावे लागते आणि पुन्हा द्यावे लागते. त्यासाठी तीन तास ठेवावेत. अबू धाबीचा एक वेगळा फायदा इथे सांगण्यासारखा आहे: तिथे अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी विमानात बसण्यापूर्वीच होते, त्यामुळे अमेरिकेत उतरल्यावर देशांतर्गत प्रवाशासारखे बाहेर पडता येते. अर्थात तो वेळ वाचत नाही, अबू धाबीत खर्च होतो. तिथला थांबा त्या हिशेबाने लांब हवा.

तिकिटे शोधण्याच्या संकेतस्थळांवर दिसणारा एकूण कालावधी हा थांबे धरून असतो, आणि बहुतेक ठिकाणी त्यावर बोट ठेवले की प्रत्येक टप्प्याचा वेळ वेगळा दिसतो. तो एकदा वरच्या पद्धतीने पडताळला की मनात शंका राहत नाही. इन्सुलिनसारखे वेळेवर घ्यायचे औषध असेल, तर हे टप्पे जागतिक वेळेत लिहिलेला कागद डॉक्टरांना दाखवून डोस कधी घ्यायचे ते विचारून घ्यावे. घड्याळ साडेनऊ तास मागे गेले म्हणून शरीरातला दिवस तेवढा लांबत नाही.

घरापासून घरापर्यंत

आता पुण्यातल्या कोथरूडमधून निघून एडिसनला पोहोचणाऱ्या जोडप्याचा पूर्ण हिशेब मांडू. विमान वरच्याच उदाहरणातले, बुधवारी पहाटे १:४५ चे. लांब पल्ल्याच्या विमानासाठी चार तास आधी पोहोचायचे म्हटले, तर सहारला रात्री पावणेदहाला उतरायला हवे. पुण्याहून सहारपर्यंत साधारण दीडशे किलोमीटर. रस्ता मोकळा असेल तर साडेतीन तासांतही होतो, पण घाटात एखादा ट्रक बंद पडला किंवा मुंबईत शिरताना कोंडी लागली, की हिशेब बिघडतो. पावसाळ्यात तर बोलायलाच नको. म्हणून सव्वापाच तास हाताशी ठेवून दुपारी साडेचारला निघावे.

न्यूयॉर्कला सकाळी आठला विमान गेटवर लागते. इमिग्रेशनची रांग, सामान आणि कस्टम्स मिळून पावणेदोन तास धरले तर पावणेदहाला बाहेर, आणि जेएफकेहून एडिसनपर्यंत दीड तास धरला तर सव्वाअकराला घरी. कोथरूडचे मंगळवारी दुपारी साडेचार म्हणजे जागतिक वेळ सकाळी अकरा; एडिसनचे बुधवारी सकाळी सव्वाअकरा म्हणजे जागतिक वेळ दुपारी सव्वातीन. एकूण सव्वाअठ्ठावीस तास. त्यांपैकी विमानातले पावणेसोळा. उरलेले साडेबारा तास कोणत्याही अंतरमापकात दिसत नाहीत, आणि काटकसर करायची तर तीच जागा आहे. व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवली, आदल्या रात्री मुंबईत नातेवाइकांकडे मुक्काम केला, किंवा जेएफकेऐवजी न्यूअर्कला उतरणारे विमान घेतले, तर जितका फरक पडतो तितका वेगवान विमानानेही पडत नाही.

घ्यायला येणाऱ्यांनी विमानाच्या सुटण्यावर लक्ष ठेवावे. मुंबईहून विमान प्रत्यक्ष हवेत गेले की त्या दिवसाचा वारा आणि मार्ग धरून काढलेली पोहोचण्याची वेळ विमान शोधणाऱ्या सेवांवर दिसते, आणि ती छापील वेळेपेक्षा जास्त भरवशाची असते. त्यातही धावपट्टीला टेकल्याची वेळ आणि गेटवर लागल्याची वेळ वेगळ्या असतात; जेएफकेवर दोन्हींमध्ये वीस मिनिटे जाणे नवलाचे नाही. एडिसनहून जेएफकेला दीड तास लागत असेल, तर विमान टेकल्याचे फोनवर दिसल्यावर घरून निघाले तरी चालते. आईवडील सामानाची गाडी ढकलत बाहेर येतील त्या सुमारास गाडी पोहोचते आणि पार्किंगचे पैसेही वाचतात. न्यूअर्कला उतरत असतील, तर मात्र विमान टेकल्यानंतर तासभर घरीच थांबावे.